या चुका टाळा: रुग्णालयातील माहिती-प्रणालींचा अभ्यास करणाऱ्या नव्या संशोधकांसाठी

आरोग्य माहितीशास्त्र आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाची रीत या दोहोंच्या सांध्यावर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव आणि प्रबंध मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यांतील जे अडखळतात ते बहुधा एकाच जागी अडखळतात. संगणकात दिसणारी नोंद म्हणजेच वॉर्डात झालेले काम, असे नकळत गृहीत धरले जाते आणि मग विषयाची निवड, आकडेवारीचे वाचन, मुलाखती, निष्कर्ष या सर्वांत तीच गफलत रूप बदलून पुन्हा पुन्हा येत राहते.

नोंदीची वेळ ही कामाची वेळ समजणे

आमच्या गटातील एक विद्यार्थिनी एका वॉर्डातील रक्तदाब, नाडी आणि तापमानाच्या नोंदी तपासत होती. पहाटे सहाच्या सुमारास अवघ्या काही मिनिटांत आठ रुग्णांचे रक्तदाब नोंदले गेल्याचे तिला आढळले. इतक्या वेळात आठ खाटा फिरून होणे शक्य नाही, तेव्हा मोजमाप न करताच आकडे भरले जात असावेत, असे तिने मसुद्यात लिहिले. तो आरोप होता आणि त्याला पुरावा फक्त संगणकातील वेळेच्या रकान्याचा होता. मी तिला रात्रपाळीला वॉर्डात बसून यायला सांगितले.

तिने पाहिले ते असे: परिचारिका चार वाजल्यापासून खाटेमागून खाट घेत होती, प्रत्येक रुग्णाला हलकेच जागे करून दंडाला पट्टा बांधत होती आणि आकडा खिशातल्या चार घड्यांच्या कागदावर टिपत होती. संगणक वॉर्डाच्या टोकाच्या टेबलावर होता. दर वेळी तिथे जाऊन पासवर्ड टाकायचा, रुग्ण शोधायचा आणि परत यायचे, तर फेरी पुरी होणे कठीणच. म्हणून फेरी संपल्यावर ती टेबलापाशी बसली आणि तिने आठही रुग्णांचे आकडे एकदम भरले. मोजमाप खरे होते. नोंदलेली वेळ मात्र आकडे भरण्याची होती. यात एक गंभीर प्रश्न होताच, परंतु तो वेगळा होता: एखाद्या रुग्णाचा रक्तदाब चार वाजता घसरला असेल आणि सहापर्यंत तो आकडा कागदावरच राहिला असेल, तर दुसरीकडून पडद्यावर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरला तो दिसत नाही. अभ्यासाचा विषय हा होता, परिचारिकेचा प्रामाणिकपणा नव्हे.

नोंदी अशा झुबक्याने आल्या असतील, तर आधी प्रणालीत दोन वेगळ्या वेळा साठवल्या जातात का ते माहिती-तंत्रज्ञान विभागाला विचारावे: एक, घटना घडल्याची, दुसरी, नोंद केल्याची. पहिली वेळ कर्मचारी स्वतः लिहितात की प्रणाली आपोआप भरते, हेही विचारावे, कारण ती आपोआप भरली जात असेल तर दोन्ही रकाने असूनही त्यांचा अर्थ एकच उरतो. त्यानंतर किमान एका पूर्ण पाळीत बसून घड्याळाप्रमाणे स्वतःची टिपणे करावीत आणि ती नोंदींशी ताडून पाहावीत. हे काम लाखो ओळींच्या विश्लेषणाआधी करायचे असते; नंतर केले तर सहा महिन्यांची मेहनत वाया गेल्याचे कळते.

अपुऱ्या नोंदी पाहून नाराज होणारे संशोधक आजचेच नाहीत. हॅरोल्ड गारफिंकेल या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका मानसोपचार बाह्यरुग्ण विभागातील कागदपत्रांविषयी लिहिले. कोणत्या रुग्णांना उपचारासाठी निवडले जाते हे त्याला त्या कागदांवरून शोधायचे होते आणि हवी ती माहिती त्यांत मिळत नव्हती. त्याचा निष्कर्ष असा की ‘वाईट’ नोंदींमागे संस्थेची चांगली कारणे असतात. नोंद करणारा ती संशोधकासाठी करत नसतो. रुग्ण आणि विभागाची रीत ज्याला आधीच ठाऊक आहे, अशा सहकाऱ्यासाठी ती असते. एखादा रकाना रिकामा दिसला की तो कोणाला वाचायचा होता, हा प्रश्न प्रथम विचारावा.

आडवाटेला अपराध ठरवणे

ठरवून दिलेली पद्धत बाजूला ठेवून कर्मचारी काम उरकतात, तेव्हा आपण सहज ‘पळवाट’ हा शब्द वापरतो आणि त्या शब्दातच निकाल लागलेला असतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना ‘आडवाट’ म्हणायला सांगतो. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो: सरळ वाट कुठे बंद होती?

रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बारकोड वापरून औषधे देण्याच्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना १५ प्रकारच्या आडवाटा आणि त्यांची ३१ प्रकारची कारणे सापडली. रुग्णाच्या मनगटावर असायला हवा तो बारकोड दुसरीकडे चिकटवून तिथेच स्कॅन केला जात होता. वरवर हा निष्काळजीपणा वाटतो. मात्र कारणांच्या यादीत न वाचता येणारे बारकोड, बिघडलेले स्कॅनर, उतरलेल्या बॅटऱ्या, बारकोडच नसलेली औषधे आणि तुटणारे वायरलेस जाळे हेही होते. यांतील कोणतेही कारण परिचारिकेला प्रशिक्षण देऊन दूर होत नाही. तरीही ‘कर्मचाऱ्यांना अधिक प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी मला दिसते. ती लिहिण्यापूर्वी, सरळ वाटेने ते काम स्वतः करून पाहावे किंवा करताना शेजारी उभे राहावे, असा माझा आग्रह आहे.

मुलाखतीत सगळेच ‘प्रणाली उत्तम आहे’ असे सांगत असतील, तर ती माणसे कोणी निवडून दिली हे तपासावे. विभागप्रमुखाने दिलेल्या यादीत नाराज माणूस सहसा नसतो. शिवाय ‘कसे करता?’ असे विचारल्यास नियम ऐकू येतो; ‘शेवटच्या रुग्णाच्या वेळी काय केले ते दाखवाल का?’ असे विचारल्यास काम दिसते.

सॉफ्टवेअरच्या नावाला विषय मानणे

‘अमुक प्रणालीचा परिणाम’ अशा शीर्षकाने सुरू होणाऱ्या प्रस्तावात पाणी इथेच मुरते. डॉक्टरांनी औषधांचे आदेश संगणकावर देण्याच्या पद्धतीबद्दल २००५ मध्ये पिट्सबर्गमधून एक शोधनिबंध आला. अन्य रुग्णालयांतून तिथे आणलेल्या बालरुग्णांचा मृत्युदर ही पद्धत आल्यानंतर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे त्यात होते. पुढच्याच वर्षी सिॲटलमधील संशोधकांनी, मूळ सॉफ्टवेअर तेच असताना, आपल्या बाल अतिदक्षता विभागात मृत्युदर वाढला नसल्याचे दाखवले. सॉफ्टवेअर कारण असते तर दोन शहरांत दोन निकाल का लागले?

उत्तर कामाच्या रचनेत होते. पिट्सबर्गमध्ये पूर्वी रुग्ण वाटेत असतानाच आदेश लिहून ठेवता येत. नव्या पद्धतीत रुग्ण प्रत्यक्ष येऊन त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत ते देता येईनात. औषधांचा साठाही त्याच काळात विभागातून मध्यवर्ती फार्मसीकडे हलवला गेला. सिॲटलने नेहमी लागणारे आदेशांचे संच आधीच तयार ठेवले होते. स्टीफन बार्ली याने १९८६ मध्ये दोन रुग्णालयांत आलेल्या एकसारख्या सीटी स्कॅन यंत्रांविषयी लिहिताना हेच दाखवले होते: यंत्र तेच असूनही क्ष-किरण तज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांच्यातील अधिकाराची वाटणी दोन्हीकडे निराळी झाली. म्हणून प्रस्तावातील प्रश्नात एक कृती असावी, जसे आदेश देणे, पाळी सोपवणे किंवा रुग्णाला दुसऱ्या विभागात हलवणे. प्रणाली त्या कृतीच्या वाटेत कुठे येते, हे त्यानंतर विचारावे.

कालावधीबाबतही घाई नको. नवी पद्धत सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काम मंदावणे नेहमीचेच असते; तेवढ्यावरून यश किंवा अपयश घोषित करू नये. त्याच काळात आणखी काय बदलले, कोण बदलून गेले, कोणता नियम आला, याची तारखेनिशी वही ठेवावी. पुढे परीक्षकांच्या प्रश्नांना तीच वही उत्तर देते.

परवानगी आणि ओळख

नैतिक समितीची मंजुरी मिळाली म्हणजे वॉर्डाचे दार उघडले असे नाही. प्रशासन, विभागप्रमुख आणि पाळीवरील कर्मचारी यांची संमती वेगवेगळी घ्यावी लागते. विभागप्रमुखाची बदली होताच काम बंद पडल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत, त्यामुळे संमती व्यक्तीकडून तोंडी न घेता कार्यालयाकडून लेखी घ्यावी. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या करारात पडद्यांची चित्रे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे का, हेही आधीच पाहावे.

नाव गाळले की ओळख लपली, असे मात्र मानू नये. ‘रात्रपाळीचा औषधनिर्माता’ असे लिहिले आणि त्या विभागात रात्रपाळीला एकच औषधनिर्माता असेल, तर बाहेरच्यांना कळणार नाही, पण त्याच्या वरिष्ठांना पहिल्याच वाचनात कळेल.

दोन्हीकडचे होण्याच्या नादात त्रिशंकू होणे

वैद्यकीय नियतकालिकाला सुमारे ३,००० शब्दांत पद्धत आणि निकाल हवे असतात. संघटना-अभ्यासाच्या नियतकालिकाला लांब निबंध आणि सैद्धांतिक मांडणी हवी असते. संगणकशास्त्रात परिषदेतील शोधनिबंधाचे वजन मोठे असते. एकच हस्तलिखित तिघांनाही चालेल असे लिहिले, तर ते तिन्हीकडून परत येते. पहिल्या वर्षीच आपला पहिला वाचक ठरवावा आणि मार्गदर्शक समितीत त्या शाखेचा एक तरी माणूस असावा. एकाच क्षेत्रकार्यातून दोन निबंध अवश्य काढावेत, मात्र दोन वेगळ्या प्रश्नांचे. एकच निकाल चिरून दोन ठिकाणी देणे ही फसवणूक आहे. ज्या विभागात नोकरी हवी आहे तिथे बढतीसाठी काय मोजले जाते, हे रुजू होण्याआधी विचारण्यात संकोच करू नये.

वॉर्डाला न दाखवता छापणे

वर उल्लेखलेल्या विद्यार्थिनीने सुधारलेल्या मसुद्यात शिफारस केली होती की परिचारिकांना हातात धरायचे उपकरण द्यावे आणि खिशातला कागद बंद करावा. छापण्याआधी ती मसुदा घेऊन त्याच परिचारिकेकडे गेली. परिचारिकेने तो शांतपणे वाचला आणि खिशातून त्या रात्रीचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. त्यावर आकड्यांखेरीज दोन खाटांभोवती वर्तुळे होती आणि एका नावापुढे बाण होता: पाळी सोपवताना पुढच्या परिचारिकेला कोणाकडे आधी न्यायचे, याच्या त्या खुणा होत्या. प्रणालीत त्यांच्यासाठी कोणताही रकाना नव्हता. शिफारशीतील दुसरा भाग विद्यार्थिनीने काढून टाकला आणि पाळी सोपवताना त्या कागदाचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यासाठी आणखी तीन आठवड्यांची परवानगी मागितली.