एअर रायफलची दुर्बीण : निवडताना, बसवताना, सांभाळताना

ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून इंदुरातल्या आमच्या नात्यागोत्यातली निदान तीन-चार मुलं एअर रायफल घ्यायची म्हणून माझ्याकडे येऊन गेली. महू इथून तासाभरावर. लंडन ऑलिंपिकचा रौप्यपदकविजेता विजय कुमार तिथल्याच आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडला. त्यामुळे नेमबाजीचं नाव आमच्याकडे घराघरात निघतं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो: "मामा, दुर्बीण कोणती लावू?"

मी आधी हे सांगतो की स्वप्निलच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. तिथे बारीक भोकाची पीप साइट लागते. मुलाला त्या वाटेने न्यायचं असेल तर दुर्बिणीचे पैसे वाचवा आणि चांगल्या प्रशिक्षकाकडे पाठवा. रेंजवर 25 ते 50 मीटरवर कागद, डबे, लोखंडी पत्रे टिपण्याचा छंद असेल, किंवा फील्ड टार्गेट (वेगवेगळ्या अंतरांवरची पाडायची लक्ष्यं), बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून मारणं) असे प्रकार खेळायचे असतील, तर दुर्बीण हवी. पक्ष्यांवर, प्राण्यांवर रोखायला नाही. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल विनापरवाना घेता येते. त्यापुढच्या रायफलला परवाना लागतो, हे दुकानात शिरण्यापूर्वी ठाऊक हवं.

कोणती घ्यावी

दुर्बिणीवर 3-9×40 किंवा 4-12×40 असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल त्याची खालची आणि वरची हद्द, शेवटचा आकडा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. माझ्या भाच्याला 6-24 हवी होती. चोवीस पटीवर स्वतःच्या नाडीचा ठोकासुद्धा क्रॉसहेअरमध्ये, म्हणजे नेमाच्या उभ्या-आडव्या रेघांत, दिसतो आणि हात आणखी बिचकतो, हे त्याला रेंजवर एकदा दाखवलं आणि तो 4-12 वर आला. शिवाय उजेडाचं गणित आहे. काचेच्या व्यासाला पॉवरने, म्हणजे किती पट मोठं दिसतं त्या आकड्याने, भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. 40 भागिले 4 म्हणजे 10 मिलिमीटर, 40 भागिले 12 म्हणजे जेमतेम 3.3. संध्याकाळी डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते, म्हणून बारावर चित्र काळवंडतं. संध्याकाळी पॉवर उतरवा, चित्र उजळतं.

एअर रायफलसाठी खरी कळीची गोष्ट म्हणजे पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून हललेला दिसणं. मोठ्या काडतुसी रायफलींच्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांवर जुळवून दिलेल्या असतात. 20 मीटरवर त्यांत चित्र पुसट येतं आणि डोळा किंचित सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून घसरतो. तपासायला रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेका, हात न लावता डोळा डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर बुलवरून, म्हणजे लक्ष्याच्या मध्यावरून, पोहत असेल तर पॅरॅलॅक्स जुळलेला नाही. म्हणून पुढच्या काचेभोवती किंवा डाव्या बाजूला अंतराची चकती असलेली, 10 यार्डांपर्यंत खाली येणारी दुर्बीणच घ्या. चार पैसे जास्त पडले तरी इथे काटकसर करू नका.

दुसरी कळीची गोष्ट स्प्रिंगची. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो: आधी मागे, मग पिस्टन आदळला की पुढे. साध्या दुर्बिणीच्या काचा मागच्या धक्क्यासाठीच बांधलेल्या असतात. पुढच्या झटक्याने आतली बैठक ढिली होते आणि नेम रोज नवीन जागी जातो. एका दुकानदाराने मला "कुठेही चालते" म्हणून दिलेली दुर्बीण दोनशे छर्ऱ्यांत अशीच गेली. स्प्रिंग एअरगनसाठी चालते असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती खाली ठेवा.

पॉवर बदलल्यावर क्रॉसहेअर मोठा होतो की तेवढाच राहतो, यावर लोक तासन् तास वाद घालतात. छंदासाठी तेवढाच राहणारा, म्हणजे सेकंड फोकल प्लेनवाला, पुरतो. फक्त त्यातल्या मिल-डॉटची, म्हणजे रेघांवरच्या मोजमापाच्या ठिपक्यांची, मापं एकाच ठरावीक पॉवरवर खरी ठरतात, ती पॉवर पुस्तिकेत बघून ठेवा.

बसवणं

इथे घाई करू नका. माझ्याकडे "दुर्बीण खराब आहे" म्हणून येणाऱ्या रायफलींत बहुतेकांची दुर्बीण ठणठणीत असते, बसवण्यात गडबड असते. एक अख्खी संध्याकाळ काढा.

सगळ्यात आधी रायफलीची नळी बिजागरीवर खाली वाकवून आत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा. मग रायफलीच्या पाठीवरची खाच मोजा. बहुतेक एअर रायफलींना 11 मिलिमीटरची डव्हटेल असते, पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची पट्टी, त्याहून बरीच रुंद. रिंगा, म्हणजे दुर्बीण धरून ठेवणारी कडी, त्या खाचेच्या आणि दुर्बिणीच्या नळीच्या, म्हणजे एक इंच किंवा 30 मिलिमीटर, मापाच्याच हव्यात. खाचेतलं तेल स्पिरिटने पुसून घ्या. तेलकट खाचेवर दुर्बीण छर्ऱ्यागणिक मागे सरकते. रायफलीला वर बारीक भोक असेल तर स्टॉप-पिन असलेली रिंग घेऊन ती पिन त्या भोकात बसवा. दुर्बिणीची पुढची काच रायफलीच्या नळीला टेकता कामा नये, मधून पोस्टकार्ड सहज सरकलं पाहिजे.

आता रिंगांचे वरचे स्क्रू नुसते अडकवा आणि पॉवर सगळ्यात वर न्या, कारण तिथे डोळ्याची जागा सगळ्यात अरुंद असते. डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल ठेवा, मग डोळे उघडा. भोवती काळी कड दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवा. साधारण साडेतीन इंचांवर पूर्ण गोल मिळतो. मान ताणून चित्र मिळवू नका, दुर्बिणीला तुमच्याकडे आणा.

क्रॉसहेअर सरळ करायला ओळंबा लागतो. आमच्या गल्लीतल्या गवंड्याकडून मी एकदा तो मागून आणला, तेव्हापासून दुसरं काही वापरत नाही. दहा-पंधरा मीटरवर भिंतीला पांढऱ्या सुतळीने ओळंबा सोडायचा, रायफल उशांवर ठेवून तिची पाठ स्पिरिट लेव्हलने सपाट करायची आणि उभी रेघ सुतळीवर येईपर्यंत दुर्बीण हळूहळू फिरवायची. दोरा आणि रेघ एकमेकांत विरघळली की थांबायचं. रेघ तिरकी राहिली तर 15 मीटरवर कळणारही नाही, 40 मीटरवर छर्रा बाजूला जाईल आणि तुम्ही वाऱ्याला दोष द्याल.

स्क्रू कर्णरेषेत, पाव-पाव फेऱ्याने आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. दोन न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुष्कळ झाला. अ‍ॅलन की दोन बोटांनी धरा, मुठीने नाही. मुठीने आवळलेल्या रिंगेखाली दुर्बिणीच्या नळीला पडलेली चीर मी पाहिली आहे, ती दुर्बीण पुन्हा कामाला आली नाही.

शेवटी डोळ्याकडची काच. पांढऱ्या भिंतीकडे बघा, चष्मा वापरत असाल तर चष्म्यासकट. एक क्षण बघा, नजर काढा, काच थोडी फिरवा, पुन्हा बघा. पहिल्याच नजरेत रेघ धारदार दिसली पाहिजे. टक लावून बसलात तर डोळाच जुळवून घेतो आणि फसवतो.

झिरो करणं

झिरो करणं म्हणजे क्रॉसहेअर जिथे तिथेच छर्रा पडेल असं जुळवणं. सुरुवात 10 मीटरवरून, मोठ्या कागदावर, म्हणजे छर्रा कागदावर तरी पडेल. मग 25 मीटर. एकेका छर्ऱ्यावर दुर्बिणीवरचा नेम सरकवणारा नॉब फिरवू नका. पाच मारा, त्यांचा मध्य काढा. नॉबवर पाव एमओए (कोनाचं माप, एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) लिहिलं असेल तर एक क्लिक 100 मीटरवर 7.3 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे 25 मीटरवर 1.8 मिलिमीटर. मध्य 3 सेंटिमीटर खाली असेल तर "अप"च्या दिशेने सोळा-सतरा क्लिक. बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, क्रॉसहेअर कुठे जाईल ते नाही. पुन्हा पाच मारा. 25 वर झिरो झालेली रायफल 10 मीटरवर थोडं खाली मारते, कारण दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असते. तो दोष नाही, ते अंतर वहीत लिहून ठेवा. छर्रेही बदलू नका, डबा बदलला की झिरो पुन्हा.

सांभाळ

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती काचेवर असताना शर्टाच्या टोकाने पुसलं तर लेप ओरखडतो. आधी रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्सचं कापड, मधून बाहेर गोल. काच कधीही उघडू नका. आत नायट्रोजन भरलेला असतो, तो निघाला की बाष्प शिरतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, आणि दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षणही बघू नका.

पावसाळ्यात माझी दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते, क्रॉसहेअर उजळणारी बॅटरी काढून. निळ्या पुड्या गुलाबी झाल्या की बदलतो. चामडी किंवा फोमच्या पेटीत चार महिने ठेवलेल्या काचेवर बुरशीची जाळी धरते, आणि ती लेप खाते. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी पेटी काढली की रिंगांचे स्क्रू हाताने तपासा आणि पूजेनंतर रेंजवर पाच छर्रे झिरोवर मारून बघा.