इलेक्ट्रॉनिक संगीतात स्वच्छ मिक्स आणि संतुलित बेस कसा साधावा

इलेक्ट्रॉनिक संगीतात किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) आणि बेस (खालच्या स्वरांची चाल) हे दोघेही साधारण 40 ते 120 हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात वावरतात आणि ट्रॅकची बरीचशी ऊर्जाही तिथेच साठलेली असते. या पट्ट्यात गर्दी झाली की केवळ बेसच गढूळ होतो असे नाही. खालचे मोठे आवाज त्यांच्याहून वरच्या स्वरांचे बारीक आवाज झाकून टाकतात, त्यामुळे गायन आणि सिंथ (सिंथेसायझरचे सूर) यांचीही धार जाते. अशा वेळी नवे प्लग-इन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधने) शोधत बसण्यापेक्षा, कोणत्या क्षणी कोणत्या आवाजाला जागा द्यायची, हे आधी ठरवावे. माझ्या मते बेसचे बहुतेक काम या निर्णयातच होऊन जाते.

आधी ऐकण्याची व्यवस्था पाहावी

50 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ 7 मीटर असते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 3.4 मीटर अंतर असलेल्या खोलीत हा स्वर घुमू लागतो. भिंतीलगत तो फुगलेला, तर बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा झालेला ऐकू येतो. म्हणून ऐकण्याची खुर्ची खोलीच्या ऐन मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नये, आणि बेसविषयीचा प्रत्येक महत्त्वाचा निर्णय चांगल्या हेडफोनवर पडताळून पाहावा.

आवाजाची पातळीही शक्यतो एकच ठेवावी. आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून स्पष्ट झालेले आहे. मोठ्या आवाजात काम करणाऱ्याचा बेस इतरत्र हळू वाजवल्यावर हरवतो आणि अगदी हळू आवाजात काम करणाऱ्याचा बेस मोठ्या स्पीकरवर अंगावर येतो. सोबत त्याच शैलीतला एखादा प्रकाशित ट्रॅक तुलनेसाठी ठेवावा. मात्र त्याचा आवाज आपल्या मिक्सइतका खाली आणल्याशिवाय तुलना करू नये, कारण मोठे वाजणारे कानाला नेहमीच चांगले वाटते.

सर्वात खाली कोण, हे ठरवावे

किक खाली आणि बेस तिच्या वर, की सब-बेस (बेसचा सर्वात खोल भाग) खाली आणि किक वर, यांपैकी एक रचना निवडावी. दोघांनाही तळ देण्याचा मोह आवरावा. लांब सब-बेस हाच ट्रॅकचा प्राण असेल, तर ठोक्यात टणकपणा असलेली आखूड किक घ्यावी. किकला खोल शेपूट (ठोक्यानंतर घुमत राहणारा भाग) असेल, तर बेसचे वजन 80 हर्ट्झच्या वर असू द्यावे.

एक उदाहरण जवळून पाहू. ट्रॅकचा मुख्य स्वर ए आहे, बेस 55 हर्ट्झवर सतत धरलेला आहे आणि किकची शेपूट 52 हर्ट्झवर विसावते आहे. किकची फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पातळी बदललेली नसतानाही एक ठोका भरदार आणि पुढचा पोकळ वाटतो, कारण प्रत्येक ठोक्याला या दोन लहरी वेगवेगळ्या टप्प्यावर एकमेकींना भेटतात. कधी त्या एकमेकींत भर घालतात, तर कधी एकमेकींना खोडतात. इथे ईक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारे साधन) फिरवून फारसा उपयोग होत नाही. किकची शेपूट आखूड करावी, ती स्वराला जुळवून घ्यावी आणि सिंथमध्ये ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) प्रत्येक नोटला त्याच बिंदूपासून सुरू होईल अशी सोय असल्यास ती चालू करावी. त्यानंतर बेसची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटवून) दोन्ही स्थिती ऐकाव्यात आणि ज्या स्थितीत तळ अधिक भरीव वाटेल ती ठेवावी.

वेळेतही जागा करावी

किक वाजत असताना बेस थोडा मागे सरकावा, यासाठी बेसच्या कॉम्प्रेसरला (आवाज दाबणाऱ्या साधनाला) किकचा साइडचेन द्यावा, म्हणजे किक वाजली की बेस दबतो. स्वच्छतेपुरते 3 ते 6 डेसिबल दाबणे बहुधा पुरते. त्याहून जास्त दाबल्यास बेसचे श्वास घेतल्यासारखे हेलकावे ऐकू येतात, जे काही शैलींत हवेच असतात, पण ते जाणूनबुजून आणलेले असावेत. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) जलद ठेवावा आणि रिलीज (पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लयीवरून काढावा. 125 बीपीएमला (मिनिटाला 125 ठोके) एक ठोका 480 मिलिसेकंदांचा असतो. बेसची नोट दोन ठोक्यांच्या मधोमध पडत असेल, तर 240 मिलिसेकंदांच्या आत बेस पूर्ववत झालेला असला पाहिजे, नाहीतर त्या नोटची सुरुवातच खाल्ली जाते. बेस आणि किक एकाच वेळी वाजतच नसतील, तर साइडचेनची गरजही नाही.

मग ईक्यू, मोनो आणि सॅच्युरेशन

पॅड (लांब धरलेले पार्श्वसूर), गायन, सिंथ, रिव्हर्बचे रिटर्न (घुमाऱ्याचा आवाज आणणारे ट्रॅक) अशा ज्या ट्रॅकना तळाची गरज नाही, त्यांवर हाय-पास फिल्टर (ठरावीक सीमेखालचे स्वर काढणारा) लावावा आणि पूर्ण मिक्स चालू ठेवून, आवाज पातळ वाटू लागेपर्यंत त्याची सीमा वर नेऊन थोडी मागे आणावी. हे काम सोलो करून कधीही करू नये. एकटा ऐकताना भरदार वाटणारा पॅडच 200 ते 400 हर्ट्झच्या भागात सर्वाधिक चिखल करतो. त्या भागात दोन-तीन डेसिबलची रुंद काट बहुधा पुरते. सब-बेसवर मात्र तीव्र उताराचा फिल्टर केवळ सवयीने लावू नये, कारण त्याने फेज (लहरीचा टप्पा) सरकतो आणि किकशी नुकतेच जुळवलेले नाते बिघडते.

साधारण 100 ते 120 हर्ट्झच्या खालचा भाग मोनो (डाव्या-उजव्या बाजूंना एकसारखा) ठेवावा. बेसला रुंदी हवीच असेल, तर त्याचे दोन थर करावेत: खालचा साधा आणि मोनो, वरचा हवा तितका पसरलेला. मग पूर्ण मिक्स मोनोमध्ये ऐकावा आणि बेस अचानक आक्रसला, तर वरच्या थरातील कोरस किंवा स्टिरिओ इफेक्ट कमी करावा.

मोबाइलच्या स्पीकरमधून 50 हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, तरीही बेसची चाल तिथे कळू शकते. बेसच्या प्रतीवर थोडे सॅच्युरेशन (आवाजाला दिलेली सौम्य विकृती) दिल्यास 55 हर्ट्झच्या स्वरावर 110, 165, 220 असे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) तयार होतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वराचा अंदाज बांधतो. ही प्रत 150 हर्ट्झच्या आसपास हाय-पास करून मूळ बेसखाली हळूच मिसळावी.

पातळ्या आणि शेवटची तपासणी

सगळे फेडर खाली घ्यावेत, प्रथम किक आणावी, मग बेस, मग मुख्य सूर आणि शेवटी बाकीचे. मास्टरवरची (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या ट्रॅकवरची) शिखरे उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्यावीत. त्यानंतर तपासणीपुरता लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारे साधन) लावावा आणि किकच्या प्रत्येक ठोक्याला बाकीचे संगीत दबते आहे का, ते ऐकावे. दबत असेल, तर लिमिटरच्या सेटिंगशी खेळू नये. परत जाऊन किकची शेपूट आणखी आखूड करावी किंवा सब-बेस एखाद-दीड डेसिबल खाली घ्यावा आणि पुन्हा त्याच पातळीवर ऐकावे.