मावा दिसला? पंप उचलण्याआधी पान उलटा

पौषात दोन दिवस ढग राहिले की कोबी, फ्लॉवर, घेवडा, वांगी सगळीकडे मावा (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) धरतो आणि कृषी सेवा केंद्रापुढे गाड्या लागतात. गेल्या वर्षी अशाच दिवसांत खेडकडचे एक शेतकरी पिशवीत कोबीचं पान घेऊन आले. "मावा होताच, आता ह्या काळ्या अळ्यापण आल्यात. दुकानदारानं दोन औषधं दिलीत, वर टॉनिक. निम्म्या रानात मारलं, उरलेल्यात मारू का?"

पान उलटलं. काळपट अंग, पाठीवर नारिंगी ठिपके, सुसरीचं पिल्लू वाटावं अशी ठेवण, सहा पायांवर तुरुतुरु पळणाऱ्या. ढालकिड्याच्या, म्हणजे मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्याच्या अळ्या होत्या त्या. एकीच्या तोंडात मावा तसाच धरलेला. फवारलेल्या निम्म्या रानात दहा-बारा दिवसांत मावा पुन्हा चढला, कारण त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. उरलेलं रान त्यांनी तसंच ठेवलं, तिथले गड्डे स्वच्छ पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला गेले.

लाल ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो. त्याची अळी ओळखत नाहीत, आणि माव्याचा खरा फडशा तीच पाडते. म्हणून पान उलटा. काय दिसेल ते सांगतो:

उभ्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका: ढालकिड्याचा. हात लावू नका.

केसासारख्या दांडीवर पांढरा मणी: क्रायसोपाचं (हाही मावा खाणारा कीटक) अंडं. ह्याला बुरशी समजून बुरशीनाशक मारलेलं मी पाहिलंय.

माव्यातच लोळणारी बिनपायाची हिरवट अळी: सिरफिड माशीची, मावाच खाते. ही माशी फुलावर एकाच जागी तरंगत राहते. कोबीवाले तिच्या अळीला पान खाणारी अळी समजून चिरडतात.

पिठ्या ढेकणात (पांढऱ्या पिठासारखी रस शोषणारी कीड) त्याच्यासारखंच पांढरं, पण भराभर चालणारं: क्रिप्टोलेमसची अळी. हा भुंगा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आणला. तो पिठ्या ढेकणाचा गडी आहे. माव्यासाठी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

एक अपवाद. वांग्यावर पानाची जाळी झाली असेल आणि ढालकिड्यासारखाच पण मळकट, लवदार, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगा असेल, तर तो हड्डा भुंगा, पीक खाणारा. त्याची अळी पिवळी, काटेरी. ती वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका.

ऊसवाल्यांना २००२ चा लोकरी मावा आठवत असेल. फवारून फवारून हात टेकले होते. शेवटी डिफा आणि मायक्रोमस ह्या मित्रकिडींनी (पिकावरची कीड खाणारे कीटक) तो आटोक्यात आणला. लोक त्या मित्रकिडी असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधत होते. भाजीतही हेच करा: ज्या रानात ढालकिड्याच्या अळ्या दिसतात तिथली चार पानं संध्याकाळी आणून माव्याच्या शेंड्याला टाचा. फुकटचं काम आहे, म्हणून दुकानात कुणी सांगणार नाही.

फवारायचं कधी? शास्त्रीय ठोकताळा दोन किडींमागे एक मित्रकीड असा आहे. पण मावा मोजत कोण बसणार? माझा अंदाज असा की मावा धरलेल्या दर तिसऱ्या शेंड्यावर मित्रकिडीची एक अळी दिसली तर चार दिवस थांबा. थंडीत ढालकिडा सुस्त असतो, ऊन पडलं की कामाला लागतो. शेंड्यावर मुंग्यांची रांग असेल तर मात्र वाट बघू नका. मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि ढालकिड्याला हाकलतात. आधी मुंग्यांचं वारूळ बघा.

अळी कुठेच नसेल, तर:
– निंबोळी अर्क ५ टक्के (५ किलो निंबोळी पूड, १०० लिटर पाणी)
– हवा दमट असेल तर लेकॅनिसिलियम लेकॅनी (किडीला मारणारी बुरशी), लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी
– फक्त धरलेल्या ओळींवर, सबंध रानावर नाही

पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आणि दोन-तीन औषधांचं कॉकटेल अजिबात नको. त्यानं मित्रकिडी मरतात आणि पाठोपाठ लाल कोळी आणि पांढरी माशी उसळते, म्हणजे पुन्हा दुकान.

बाकी कामे:
– वांग्याचे सुकलेले शेंडे खुडून गाडणे
– कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी (कीड ओढून घेणारं सापळा पीक)
– टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ (तीही सापळा पीक म्हणून)
– पिवळ्या चिकट सापळ्यांना ढालकिडेच जास्त चिकटत असतील तर सापळे कमी करणे

बांधाला चवळीची एक ओळ टाका. तिच्यावर मावा येईल, येऊ द्या. ढालकिडा तिथंच वाढतो आणि मग तुमच्या कोबीत उतरतो. दिसायला वाईट दिसते म्हणून ती ओळ फवारू नका.