नवं कॅड घेण्याआधी: जॉन हर्शटिक यांच्या दोन कंपन्यांवरून घेतलेली मोजपट्टी

नवं कॅड, म्हणजे संगणकावर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, घेताना पहिली फसगत होते ती डेमोच्या दिवशी. विक्रेता स्वतःच्याच गुळगुळीत मॉडेलवर माऊस फिरवतो, सगळे माना डोलावतात, आणि आपला पत्र्याचा पार्ट कुणी उघडूनच बघत नाही.

जॉन हर्शटिक यांची कारकीर्द इथे कामाला येते. १९९३ मध्ये त्यांनी सॉलिडवर्क्स ही कॅड कंपनी काढली. १९९५ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत भूमितीचा गाभा (थ्रीडी आकारांचं गणित करणारा भाग) पॅरासॉलिडचा होता आणि स्केचची बंधनं, म्हणजे रेषांमधले मापांचे आणि स्थानांचे संबंध, सोडवणारं इंजिन डी-क्यूब्डचं. दोन्ही परवान्यावर घेतलेले. महागड्या युनिक्स वर्कस्टेशनची सक्ती मात्र त्यांनी काढली आणि साध्या विंडोज पीसीवर ३,९९५ डॉलरला थ्रीडी दिलं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऑनशेपमध्येही गाभा पॅरासॉलिडचाच. ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून या वेळी गेल्या त्या फायली आणि इन्स्टॉलेशन. २०१९ मध्ये पीटीसी या दुसऱ्या कॅड कंपनीनं ऑनशेप सुमारे ४७ कोटी डॉलरला विकत घेतली. दोन्ही वेळा गाभा उसनाच होता, काढले ते अडथळे. म्हणून कमांड मोजत बसू नका. आपलं काम कुठे अडतं आणि हे सॉफ्टवेअर त्यातलं काय काढतं, एवढं तपासा.

आधी दोन आठवडे नोंद ठेवा. काम थांबलं की प्रत्येकानं वेळ, फाइल आणि कारण लिहायचं: लायसन्स मोकळं नाही, फाइल दुसऱ्यानं उघडलीय, असेंब्ली (पार्ट जोडून झालेलं पूर्ण मॉडेल) उघडायला वेळ, वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन (आवृत्ती) गेली. मग मिनिटांची बेरीज करा. रिव्हिजनचा घोळ वर आला तर नव्या मॉडेलिंग कमांडनं काही साधणार नाही. आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था लागेल. असेंब्ली उघडण्यात वेळ जात असेल तर ती सर्व्हरवरून न उघडता लोकल एसएसडीवर कॉपी करून घड्याळ लावा. बऱ्याचदा खरेदीचा विषय तिथेच मिटतो.

चाचणीला चालू कामातली ६०–८० पार्टची असेंब्ली घ्या. तिच्यात पत्र्याचा पार्ट, एक कास्टिंग, स्टँडर्ड बोल्ट आणि निदान तीन ड्रॉइंग हवीत. जुनी मॉडेलं नव्यात न्यायला स्टेप हे सामाईक फाइल-स्वरूप वापरतात. त्यातून आकार येतो, फीचर ट्री (मॉडेल कसं बनवलं त्या पायऱ्यांची यादी) येत नाही. टॉलरन्स (मापातली मुभा) मॉडेलसोबत हवे असतील तर स्टेपचा एपी २४२ हा प्रकार निवडा आणि आलेत का ते उघडून बघा. सॉलिडवर्क्समधलं फीचरवर्क्स हे साधन बाहेरून आणलेल्या सॉलिडमधली (नुसत्या घन आकारातली) भोकं, एक्स्ट्रूड (स्केच ताणून केलेले आकार) ओळखतं (ते आपल्याकडच्या जिओमेट्रिक कंपनीनं बनवलेलं), पण एकमेकांत गुंतलेल्या फिलेटपाशी (कडांच्या गोलाईपाशी) अडखळतं. म्हणून सगळं पुन्हा काढू नका. वर्षभरात बदलणारे पार्टच नव्यानं मॉडेल करा, बाकीचे नुसते सॉलिड राहू द्या.

पत्र्यापाशी जरा थांबा. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, ९० अंशांचा बेंड. के-फॅक्टर (वाकताना लांबी न बदलणारा थर जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) ०.४४ धरला तर बेंड अलाउन्स (बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी) ४.५२ मिमी येतो, ०.५ धरला तर ४.७१. एका बेंडला ०.१९ मिमीचा फरक काहीच वाटत नाही. सहा बेंडच्या ब्रॅकेटला तो १.१ मिमीच्या वर जातो आणि शेवटची भोकं जुळत नाहीत. नव्या सॉफ्टवेअरमधला आधीच भरलेला के-फॅक्टर तसाच सोडला की हेच होतं. आपल्याच प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) पत्र्याची एक पट्टी वाकवा, व्हर्नियरनं मोजा, त्यावरून के-फॅक्टर काढा आणि तो टेम्पलेटमध्ये घाला.

नंतर बदलाची परीक्षा. मॉडेल एकानं बनवायचं आणि ज्यावर बाकीचं मॉडेल उभं आहे असं एक माप ५ मिमीनं दुसऱ्यानं बदलायचं. किती फीचर लाल होतात, म्हणजे बिघडतात, आणि ती सुधारायला किती मिनिटं लागतात, ते लिहून ठेवा. हा दुसरा माणूस विभागात सगळ्यात जास्त कुरकुर करणारा असावा. हौशी माणूस अडचणी स्वतःच गिळून टाकतो.

चार आठवडे जुनं सॉफ्टवेअर सोबत चालू ठेवा. आणि सही करण्याआधी उलटा प्रवास करून बघा: चाचणीतली सगळी मॉडेलं स्टेपमध्ये, ड्रॉइंग पीडीएफ आणि डीएक्सएफमध्ये (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचं फाइल-स्वरूप) बाहेर काढा. सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली तर किती दिवस डेटा उतरवून घेता येईल, हे करारात लिहून घ्या.