रेड एक्स कोण? मुखवट्याआडच्या माणसाबद्दल वाद कसा घालावा

‘टीन टायटन्स’ ही ॲनिमेशन मालिका २००३ ते २००६ या काळात कार्टून नेटवर्कवर पाच पर्वांत आणि ६५ भागांत प्रसारित झाली. कवटीचा पांढरा मुखवटा, काळा पोशाख आणि छातीवर लाल फुली अशा वेशातला तिचा रेड एक्स नेमका कोण, हे मालिकेने शेवटपर्यंत सांगितले नाही. इतक्या वर्षांनंतरही चाहते त्यावर हिरिरीने बोलतात आणि ते योग्यच आहे, कारण हे कोडे चांगले रचलेले आहे. मात्र हा वाद बहुधा ‘मला असे वाटते’ आणि ‘मला तसे वाटत नाही’ एवढ्यावरच अडकतो. तो पुढे न्यायचा असेल तर काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले काम म्हणजे मूळ भाग पुन्हा पाहणे. वादाचा बहुतेक मजकूर तीन भागांत सामावलेला आहे. पहिल्या पर्वातल्या ‘मास्क्स’ या भागात रेड एक्स हा खुद्द रॉबिन, म्हणजे टायटन्स या तरुण महानायकांच्या चमूचा नेताच असतो. स्लेड या खलनायकाच्या जवळ पोहोचण्यासाठी त्याने आपल्या सहकाऱ्यांपासूनही लपवून हे सोंग घेतलेले असते. तिसऱ्या पर्वातल्या ‘एक्स’ या भागात टायटन्सच्या मनोऱ्यात कुलूपबंद ठेवलेला तोच पोशाख कोणीतरी चोरून नेतो आणि येथून खरे कोडे सुरू होते. पाचव्या पर्वातल्या ‘रेव्ह्ड अप’ या भागात हा दुसरा रेड एक्स एका शर्यतीच्या निमित्ताने पुन्हा अवतरतो. हे भाग पाहताना हाताशी वही ठेवावी आणि प्रत्येक निरीक्षणापुढे भागाचे नाव व प्रसंग लिहावा. आठवणीवर विसंबून केलेला दावा समोरच्याने एका प्रश्नात उडवला, तर त्यात त्याचा दोष नसतो.

नोंदी करताना एक भेद कटाक्षाने पाळावा: पोशाखाचे सामर्थ्य कोणते आणि माणसाचे कौशल्य कोणते. माझ्या मते या वादातली सर्वांत मोठी गल्लत येथेच होते. ‘मास्क्स’मध्ये टायटन्सपैकी जादू करणारी रेव्हन मंत्र उच्चारू लागते न लागते तोच एक लाल फुली येऊन तिच्या तोंडावर चिकटते आणि मंत्र अर्धवट राहतो. हा प्रसंग थांबवून पाहण्यासारखा आहे. रेव्हनची शक्ती शब्दांवर अवलंबून आहे हे जाणणाऱ्या माणसाने हे हत्यार वापरलेले आहे, आणि तो माणूस रॉबिन होता. पुढे तोच पोशाख दुसऱ्याच्या अंगावर चढला, तेव्हा त्यातल्या साऱ्या युक्त्याही आयत्याच त्याच्या हाती आल्या. म्हणून ‘दुसऱ्या रेड एक्सला टायटन्सच्या उणिवा माहीत आहेत, तेव्हा तो त्यांच्यापैकीच किंवा त्यांच्या जवळचा कोणीतरी असला पाहिजे’ हा लोकप्रिय तर्क टिकत नाही. उलट टायटन्सच्या मनोऱ्यात शिरून पोशाख पळवणे आणि झेनोथियमसारखे धोकादायक, अस्थिर इंधन मिळवून वापरणे, या गोष्टी त्याच्या स्वतःच्या आहेत. त्यांवरून चोरीत मुरलेला, धाडसी आणि यंत्रांची जाण असलेला माणूस एवढे अनुमान निघते. नाव मात्र निघत नाही.

आवाजावरून ओळख पटवण्याचा मोह तर फार मोठा असतो, आणि तो आवरण्यासाठी इतर मालिकांतली उदाहरणे उपयोगी पडतात. (ज्यांनी पुढील दोन कृती पाहिलेल्या नाहीत त्यांनी हा परिच्छेद वगळावा, कारण त्यात दोन्हींचे रहस्य उघड होते.) ‘मिरॅक्युलस’ या फ्रेंच मालिकेत मुखवटाधारी खलनायक हॉक मॉथ आणि गॅब्रिएल अग्रेस्त यांना एकाच कलाकाराचा आवाज आहे, तेवढ्यावरून दोघे एकच असल्याचा अनेकांनी बांधलेला अंदाज दुसऱ्या पर्वात खरा ठरला. याउलट १९९३च्या ‘बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम’ या चित्रपटात मुखवटाधारी मारेकऱ्याला आणि नायिकेच्या वडिलांना स्टेसी कीच यांचाच आवाज दिला होता, प्रेक्षकाचा संशय वडिलांवर जावा म्हणून. मुखवट्याआड प्रत्यक्षात होती ती नायिका, अँड्रिया. म्हणजे सारखा आवाज एका ठिकाणी पुरावा ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी सापळा. रेड एक्सच्या बाबतीत तो यांपैकी काहीच नाही. स्कॉट मेनव्हिल यांनी रॉबिन आणि रेड एक्स या दोघांनाही आवाज दिलेला आहे, परंतु ‘एक्स’ भागात हे दोघे समोरासमोर लढतात. तेव्हा ‘दुसराही रॉबिनच’ असे म्हणणाऱ्याला, एकाच वेळी दोन रॉबिन कोठून आले, हेही सांगावे लागेल. आणि त्यासाठी मालिकेत न दाखवलेले एखादे यंत्र किंवा जादू कल्पावी लागत असेल, तर तो दावा बाजूला ठेवणे बरे.

आता जेसन टॉड. या वादातले हे सर्वांत वजनदार नाव असल्यामुळे त्याला सवडीने तपासले पाहिजे. कॉमिक्समध्ये रॉबिन हे बॅटमॅनच्या तरुण साथीदाराचे नाव आहे; डिक ग्रेसन हा पहिला रॉबिन, तर जेसन हा दुसरा. १९८८मध्ये त्याने जगावे की मरावे हे वाचकांच्या दूरध्वनी मतदानावर सोपवण्यात आले. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने आणि ५,२७१ मते विरुद्ध पडली, आणि जेसन मेला. पुढे तो रेड हूड या नावाने, मुखवटा घालून आणि मनात राग घेऊन परतला. रॉबिनशी असलेले जुने नाते, मुखवटा, नावातला लाल रंग, नायक आणि गुन्हेगार यांच्या सीमेवरचे वागणे, हे सारे रेड एक्सशी इतके जुळते की मन लगेच होकार देते. अशा वेळी सनावळी मांडावी. ‘एक्स’ हा भाग २००४चा आहे, तर रेड हूड म्हणजेच जेसन हे कॉमिक्समध्ये उघड झाले २००५मध्ये. आज आपल्या मनात जेसनचे जे चित्र आहे ते रेड एक्स रचला जात असताना वाचकांसमोर आलेलेच नव्हते. याने दावा पूर्णपणे खोटा ठरत नाही, कारण मेलेला जेसन कथेत आणण्यास लेखकांना कोणी रोखले नव्हते. परंतु साम्यांच्या यादीतला सर्वांत झळाळता भाग मात्र गळून पडतो. कोणत्याही मालिकेतल्या पात्राची कॉमिक्सशी तुलना करताना, आधी काय आले आणि नंतर काय, हे तपासल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये.

यानंतर ही मालिका गुपिते कशी पेरते ते पाहावे. रॉबिनचे खरे नाव ती थेट सांगत नाही, पण ‘फ्रॅक्चर्ड’ या भागात दुसऱ्या मितीतून आलेला त्याचा चाहता लॅरी आपले नाव ‘नोस्यार्ग किड’ असे सांगतो. ते रोमन लिपीत उलटे वाचले की डिक ग्रेसन हे नाव मिळते. ‘हाऊ लाँग इज फॉरेव्हर?’ या भागात भविष्यातला रॉबिन नाइटविंग (कॉमिक्समध्ये डिकने पुढे घेतलेले नाव) झालेला दिसतो, तीही त्याच दिशेची खूण. म्हणजे जाणत्या प्रेक्षकासाठी खुणा ठेवण्याची हौस या निर्मात्यांना निश्चित होती. म्हणून ज्याला जेसनची बाजू लढवायची आहे त्याने तसाच एखादा पेरलेला धागा दाखवावा. साम्याचे आणखी दहा मुद्दे जमवण्यापेक्षा त्याचे मोल अधिक राहील.

कॉमिक्समधले उत्तर मालिकेला चिकटवणे हीदेखील नित्याची चूक आहे. २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘टीन टायटन्स ॲकॅडमी’ या कॉमिक्समध्ये रेड एक्स आहे आणि त्याची ओळखही तेथे दिली आहे, परंतु ते कथाविश्व वेगळे, पात्रे वेगळी आणि घटनाक्रमही वेगळा. तेथील नाव घेऊन ‘वाद मिटला’ असे जाहीर करू नये.

बोलण्याच्या रीतीबद्दल एवढेच, की नवख्या प्रेक्षकाला आधी विचारावे, ‘तुम्ही कोठवर पाहिले आहे?’ आणि आपला दावा मांडताना तो कशाने मोडेल हेही त्याच दमात सांगावे. ही सवय लागली की समोरचा माणूस तुमच्याशी भांडण्याऐवजी तुमच्याबरोबर शोधू लागतो.

याच रीतीने माझा दावा मांडतो. दुसरा रेड एक्स हा आपल्या ओळखीचा कोणीही नाही; तो स्वतःपुरते पाहणारा, पण वेळ आली की रॉबिनच्या मदतीला उभा राहणारा एक स्वतंत्र चोर आहे. ‘एक्स’ भागात प्रोफेसर चँग या खलनायकाविरुद्ध तो रॉबिनला साथ देतो, आणि त्या क्षणी जुन्या नात्याची, जुन्या वैराची किंवा उपकाराची एकही खूण मला दिसत नाही. या तीन भागांत कोणी अशी खूण दाखवली, रॉबिनच्या भूतकाळाला स्पर्श करणारे त्याचे एक वाक्य जरी दाखवले, तर माझा दावा तेथेच मोडेल.