स्टीव्हियामधल्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच्या जीन फॅमिली शोधताना या चुका टाळा

स्टीव्हियाच्या पानातला गोडवा येतो स्टीव्हिओसाइड, रेबॉडिओसाइड ए यांसारख्या स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्समधून. ही संयुगं घडवणारी एन्झाइम्स बरीचशी माहीत आहेत. त्यांचे जीन्स कधी आणि किती चालू राहतील हे ठरवणाऱ्या डब्ल्यूआरकेवाय, एमवायबी, बीएचएलएच, एपी२/ईआरएफ या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर प्रोटीन्सच्या फॅमिलींबद्दल, म्हणजे एकमेकांसारख्या जीन्सच्या गटांबद्दल, मात्र अजून पुष्कळ काम बाकी आहे. मुंबईतल्या एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांना हा विषय सोयीचा वाटतो, कारण जिनोम (वनस्पतीच्या डीएनएचा पूर्ण क्रम) खुला आहे आणि सुरुवातीला लॅपटॉपवर भागतं. काही आठवड्यांत 'इतके जीन्स सापडले' असा आकडा हाती येतो. तो आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो आणि पुढचं सगळं काम त्याच्यावरच उभं राहतं.

एकच जीन दोनदा मोजणं

स्टीव्हिया स्वपरागण नाकारणारी वनस्पती आहे, त्यामुळे प्रत्येक झाडात एकाच जीनची आई-बापाकडून आलेली रूपं एकमेकांपासून बरीच वेगळी असतात. जिनोम जोडताना ही दोन रूपं कधी कधी दोन स्वतंत्र जागा म्हणून नोंदली जातात. त्यात एका जीनचे अनेक ट्रान्स्क्रिप्ट (आरएनए प्रती) असले की प्रोटीन फाइलमध्ये त्याच जीनच्या तीन-चार नोंदी दिसतात.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. जीन्स जोडीजोडीने येतात, जोडीतली समानता ९८-९९ टक्के असते, केएसची (प्रोटीन न बदलणाऱ्या डीएनए-फरकांच्या दराची) किंमत शून्याला टेकलेली असते आणि जोडीतला एक जण ११ क्रोमोसोमपैकी कशावरही न बसलेल्या तुकड्यावर सापडतो. हे ओळखलं नाही तर लेखात 'अलीकडचं डुप्लिकेशन' म्हणून मोठा परिच्छेद लिहिला जातो.

शोध सुरू करण्याआधी जीएफएफ फाइलमधून (जिनोमवरच्या जीन्सच्या जागांची यादी) प्रत्येक जागेचा एकच ट्रान्स्क्रिप्ट ठेवा. सहसा सर्वात लांब ट्रान्स्क्रिप्ट घेतात, पण लांबी डोळे झाकून मानू नका. शेजारचे दोन जीन्स चुकून जोडले गेले असतील किंवा इंट्रॉन (एरवी कापून टाकला जाणारा तुकडा) आतच राहिला असेल, तर सर्वात लांब नोंदच चुकीची असते. ८०० अमिनो आम्लांचा डब्ल्यूआरकेवाय दिसला, तर आरएनए-सेकचे रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे) आयजीव्ही या जिनोम पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक्सॉनच्या, म्हणजे जीनच्या टिकणाऱ्या भागांच्या, सीमा तपासा. जिनोमऐवजी फक्त ट्रान्स्क्रिप्टोमवर (सगळ्या आरएनएच्या संचावर) काम करत असाल, तर सीडी-हिट या सारखे सिक्वेन्स एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरने ९५ टक्क्यांवर गाळणी लावण्याचा मोह होतो. त्या गाळणीत क्रोमोसोमवर शेजारी-शेजारी असलेले खरे डुप्लिकेट जीन्सही निघून जातात. म्हणून गाळलेली यादी जिनोमवर परत लावून पाहा आणि प्रत्येक जोडीबद्दल स्वतंत्र निर्णय घ्या.

डोमेन सापडलं म्हणजे फॅमिली ठरली असं नाही

डोमेन म्हणजे प्रोटीनचा ओळखीचा तुकडा, आणि पीफॅम हा अशा डोमेनच्या मॉडेल्सचा डेटाबेस. त्यातलं एमवायबीचं पीएफ००२४९ मॉडेल हे याचं ठळक उदाहरण आहे. एचएमएम-सर्च या शोध-प्रोग्राममध्ये ते चालवलं की आर२ आणि आर३ असे दोन रिपीट असलेल्या आर२आर३-एमवायबीबरोबर एमवायबी-सारखे एकाच रिपीटचे प्रोटीन, जीएआरपी गटातले प्रोटीन आणि क्रोमॅटिनशी संबंधित सँट डोमेनवालेही वर येतात. ई-व्हॅल्यू (योगायोगाने जुळण्याचा अंदाज) कितीही कडक ठेवली तरी हे सगळे गळत नाहीत. सलग दोन रिपीट आहेत का, प्रत्येक रिपीटमधली ट्रिप्टोफॅन्स साधारण १८-१९ अमिनो आम्लांच्या अंतरावर आहेत का, हे अलाइनमेंटमध्ये डोळ्यांनी बघावं लागतं. आर३ मधल्या पहिल्या ट्रिप्टोफॅनच्या जागी बऱ्याचदा फिनाइलअॅलनिन किंवा आयसोल्यूसिन असतं, तेवढ्यासाठी जीन काढून टाकू नका.

डब्ल्यूआरकेवायसाठी पीएफ०३१०६ वापरा, पण त्याच्या ओळखीच्या सात अमिनो आम्लांच्या खुणेवर थांबू नका. झिंक फिंगर, म्हणजे जस्ताला धरून ठेवणारा भाग, पूर्ण आहे का ते पाहा. डब्ल्यूआरकेवायच्या दुसऱ्या गटात तो सी२एच२ प्रकारचा असतो, तिसऱ्यात सी२एचसी. खूण आहे पण झिंक फिंगर नाही, असा जीन दिसला तर आधी जीन मॉडेल तुटलं आहे का ते तपासा, मगच 'नवा प्रकार' म्हणा. एपी२/ईआरएफमध्ये पीएफ००८४७ चालवल्यावर दोन एपी२ डोमेनवाले एपी२ गटात आणि बी३ डोमेन सोबत असलेले आरएव्ही गटात जातात.

पीफॅमचा गॅदरिंग कटऑफ (मॉडेलसाठी ठरलेली किमान गुणमर्यादा) लावून पहिली यादी काढा. त्यातल्या खात्रीच्या प्रोटीन्समधून स्टीव्हियाचं स्वतःचं एचएमएम बांधा, त्याने पुन्हा शोधा आणि सीडीडी किंवा स्मार्ट या डोमेन-डेटाबेसवर पडताळा. शेवटी अरॅबिडॉप्सिस या नमुना-वनस्पतीची प्रोटीन्स घेऊन जिनोमवर टीब्लास्टएन (प्रोटीनवरून डीएनएत शोध) चालवा, म्हणजे अॅनोटेशनमधून सुटलेले जीन्सही सापडतात.

ट्री

डब्ल्यूआरकेवाय डोमेन जेमतेम ६० अमिनो आम्लांचं आहे. एवढ्या छोट्या तुकड्यावरून काढलेल्या ट्रीमध्ये (जीन्सच्या नात्यांच्या वृक्षात) खोल फांद्यांचा आधार कमी येणारच, तो वाढवण्यासाठी नको ते सिक्वेन्स वगळत बसू नका. पहिल्या गटात दोन डोमेन असतात, ती वेगवेगळी घाला. आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरचा अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांद्यांचा आधार मोजायची पद्धत) वापरत असाल तर भरवशाची मर्यादा ९५ आहे, जुन्या बूटस्ट्रॅपची ७० ची सवय इथे चालत नाही. प्रत्येक नव्या नावासमोर जिनोममधला जागा-क्रमांक द्या, कारण आधीच्या लेखातला आणि तुमचा '१२ नंबर' एकच असेल याची खात्री नसते.

प्रमोटरमधल्या खुणा मोजून निष्कर्ष काढणं

यूजीटी७६जी१ हे एन्झाइम स्टीव्हिओसाइडला आणखी एक ग्लुकोज जोडून रेबॉडिओसाइड ए बनवतं. त्यामुळे त्याच्या प्रमोटरमध्ये (जीनच्या आधीच्या, तो चालू करणाऱ्या डीएनएत) डब्ल्यू-बॉक्स, म्हणजे डब्ल्यूआरकेवाय जिथे बसतं ती खूण, सापडला की सगळ्यांना आनंद होतो. पण आधी गणित करून बघा. डब्ल्यू-बॉक्सचा गाभा टीटीजीएसी हा पाच अक्षरांचा. चारही अक्षरं समान प्रमाणात धरली, तर तो योगायोगाने दर १,०२४ जागांमागे एकदा येतो. दोन हजार बेसचा प्रमोटर दोन्ही बाजूंनी वाचला, तर काहीही नियमन नसतानाही सुमारे चार डब्ल्यू-बॉक्स मिळतात. बीएचएलएच प्रोटीन जिथे बसतं त्या ई-बॉक्समध्ये ठरलेली अक्षरं फक्त चार, म्हणून तो सात-आठ वेळा दिसतो. प्लँटकेअर या प्रमोटर-खुणा शोधणाऱ्या साइटचा रंगीत नकाशा छापण्याआधी जिनोममधले सगळे प्रमोटर किंवा अक्षरं फेटून बनवलेले सिक्वेन्स घ्या आणि तुमच्या यादीत ही खूण खरोखर जास्त आहे का ते तपासा. प्रमोटर एटीजीपासून (प्रोटीनचा संकेत सुरू होतो तिथून) मोजला की ट्रान्स्क्रिप्शन जिथे सुरू होतं तिथून, हेही लिहा.

मुंबईत नमुना केव्हा घेतला, याला महत्त्व आहे

ही चूक संगणकावर दिसत नाही. स्टीव्हिया लहान दिवसाची वनस्पती आहे, दिवस साधारण १२-१३ तासांच्या खाली आला की ती फुलोऱ्याकडे वळते. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम ११ तास. म्हणजे गणपतीनंतर बाल्कनीतल्या किंवा पॉलिहाउसमधल्या कुंड्यांतून घेतलेलं पान बऱ्याचदा फुलू लागलेल्या झाडाचं असतं. जुलैच्या आणि ऑक्टोबरच्या पानांमध्ये एसपीएल आणि मॅड्स या फुलोऱ्याशी संबंधित जीन्सचा जो फरक दिसतो, त्यातला मोठा भाग फुलोऱ्याचा असतो, तुम्ही दिलेल्या ट्रीटमेंटचा नसतो. ग्रोथ रूममध्ये १६ तास प्रकाश ठेवा. ते शक्य नसेल तर तुलनेतली सगळी पानं एकाच दिवशी घ्या. वेळही एकच हवी, कारण अनेक एमवायबी-सारखे आणि बीएचएलएच जीन्स दिवसभरात वर-खाली होत असतात.

कर्जत किंवा पालघरकडच्या शेतातून पानं तोडून पिशवीत घालून कलिनाच्या विद्यापीठात आणणं तर टाळाच. तोडल्याची जखम झाली की काही मिनिटांतच डब्ल्यूआरकेवाय आणि ईआरएफ गटातले जीन्स चढतात, मग तुम्ही मोजता तो प्रवासाचा परिणाम. पान जागेवरच द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि ड्राय आइसवर आणा. बंद काचांच्या एसी गाडीत दोन्हीपैकी काहीही ठेवू नका, ऑक्सिजन कमी होऊन गुदमरण्याचा धोका असतो.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची जात सहसा माहीत नसते. एकाच मातृरोपाची कटिंग्ज वापरा, नाहीतर प्राइमरच्या (जीन ओळखून वाढवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या) ३' टोकाखालीच वेगळं अक्षर निघतं आणि तो जीन 'व्यक्त होत नाही' असं वाटतं.

आरएनए आणि क्यूपीसीआर

पानात पॉलिफिनॉल आणि साखरी संयुगं भरपूर असल्यामुळे ट्रायझॉल या आरएनए काढण्याच्या साध्या द्रावणाने बऱ्याचदा तपकिरी, जेलीसारखा पेलेट मिळतो आणि शुद्धता दाखवणारं २६०/२३० चं गुणोत्तर एकच्या आसपास अडकतं. अशा वेळी २ टक्के पीव्हीपी आणि २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घातलेला गरम सीटॅब बफर वापरा, क्लोरोफॉर्मने दोनदा धुवा आणि शेवटची तीव्रता २ मोलर येईल इतकं लिथियम क्लोराइड घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. पावसाळ्यात थंड खलावर दव साचतं आणि पूड वितळते, म्हणून एका वेळी १०० मिलिग्रॅमच कुटा आणि पूड वितळण्याआधी बफरमध्ये टाका. डीएनेझ दिल्यावरही रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब ठेवावीच लागते.

प्राइमर डोमेनवर बांधले तर पूर्ण फॅमिलीच वाढते. ते ३' यूटीआरमध्ये (प्रोटीन न बनवणाऱ्या शेवटच्या भागात) घ्या. मेल्ट कर्व्हमध्ये (उत्पादन किती तापमानाला वितळतं त्या आलेखात) एकच शिखर आलं तरी जवळचे दोन जीन्स एकत्र वाढलेले असू शकतात, म्हणून उत्पादन एकदा सिक्वेन्स करा. कार्यक्षमता ९० ते ११० टक्के हवी. तुलनेसाठीचे स्थिर संदर्भ जीन्स किमान दोन घ्या आणि तुमच्याच नमुन्यांवर जीनॉर्म या सॉफ्टवेअरने तपासा.

गोडव्याशी थेट नातं जोडणं

कॉरेनॉइक आम्लापर्यंतचा मार्ग जिबरेलिन आणि स्टीव्हिऑल यांना समान आहे. त्या मार्गातल्या केओ (कॉरीन ऑक्सिडेज) किंवा केएस (कॉरीन सिंथेज; वरच्या केएस मापाशी याचा संबंध नाही) या एन्झाइम्सबरोबर वर-खाली होणारा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर झाडाच्या वाढीशी संबंधित असू शकतो. त्याचं नातं केएएच आणि यूजीटी८५सी२, यूजीटी७४जी१, यूजीटी७६जी१ या पुढच्या एन्झाइम्सशीही दिसतं का ते पाहा. एचपीएलसी (ग्लायकोसाइड मोजण्याची पद्धत) आणि आरएनए दोन्हीसाठी त्याच पानांची तीच पूड वाटून घ्या. कोवळ्या पानात ट्रान्स्क्रिप्ट आधी चढतो आणि ग्लायकोसाइड नंतर साठत जातं, म्हणून एकाच वयाच्या पानांतला सहसंबंध फसवतो. बुंध्याजवळच्या पानापासून शेंड्यापर्यंत किमान तीन वयांची पानं घ्या.

यानंतरच यीस्ट वन-हायब्रिड (प्रोटीन प्रमोटरवर बसतं का हे यीस्टमध्ये पाहण्याची चाचणी) करा. त्यात प्रमोटरचा तुकडा एकटाच रिपोर्टर चालू करतो का, हे आधी बघा. ड्युअल-ल्युसिफरेजमध्ये (प्रमोटर किती चालू होतो हे प्रकाशावरून मोजणाऱ्या चाचणीत) रिकाम्या व्हेक्टरबरोबरच डब्ल्यू-बॉक्सचा गाभा बदललेला प्रमोटरही ठेवा. बदललेल्या प्रमोटरवरही तोच सिग्नल आला, तर तुमचा प्रोटीन त्या डब्ल्यू-बॉक्सवर बसून काम करत नाही.