गुलमर्गला जाताय? मग एक रात्र तरी तिथेच काढा

आपले बरेच लोक गुलमर्ग श्रीनगरहून एका दिवसात उरकतात, सकाळी 50 किलोमीटर जायचं, गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये, बसायचं, बर्फात फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. माझं मत विचाराल तर यात निम्मा वेळ गाडीत आणि उरलेला रांगेत जातो, त्यामुळे निदान एक रात्र, आणि स्कीइंग करून बघायचं असेल तर तीन-चार दिवस ठेवा.

सगळ्यात आधी गोंडोलाचं तिकीट, हॉटेल नंतर. तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या वेबसाइटवर ऑनलाइन काढायचं, सीझनमध्ये लवकर संपतं, आणि मग "सर मैं करवा देता हूं" म्हणणारे भेटतातच, त्यांच्या नादी लागू नका. फेज वन, म्हणजे पहिला टप्पा, मधल्या कोंगडोरी स्टेशनपर्यंत जातो, फेज टू तिथून पुढे अफरवट डोंगरावर साधारण 13,000 फुटांवर. वारा सुटला की फेज टू बंद ठेवतात, म्हणून तो पहिल्याच दिवशी उरकून टाका, हुकला तर दुसरा दिवस हातात राहतो. वर गेल्यावर धावपळ नको, दम लागतो, आणि बीपी-हार्टचा त्रास असलेल्यांनी निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता स्कीइंग. डिसेंबर अखेर ते मार्च हा सीझन, त्यातही फेब्रुवारी मला सगळ्यात बरा वाटतो, कारण बर्फ कधीकधी उशिरा पडतो, 2024 च्या जानेवारीत तर गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. नवीन माणसाने गोंडोलाने वर जाऊन खाली यायचा विचारसुद्धा करू नये, खाली गावाजवळच सोपे उतार आहेत, तिथे इन्स्ट्रक्टर घ्या, सामान भाड्याने मिळतं. बूट घट्टच हवा, आत एकच लोकरीचा मोजा, दोन घातले की पाय आत हलतो आणि स्की ऐकत नाही. पहिला धडा थांबायचा, स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा बाहेर. घाबरलं की माणूस मागे झुकतो आणि तिथेच वेग वाढतो, म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली ठेवायची, गुडघे थोडे वाकवून. पडलात तर स्की उताराला आडव्या करून मग उठा, नाहीतर उठता उठता घसरत जाल. नीट शिकायचं असेल तर इथे केंद्र सरकारची स्कीइंगची इन्स्टिट्यूट आहे, तिचे कोर्सेस असतात, पण जागा आधी बघून ठेवा. आणि अफरवटचा वरचा भाग मुरलेल्या लोकांसाठीच, तिथे हिमस्खलनाने जीव गेलेत, गाइड आणि बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) नसेल तर नाहीच.

स्कीइंग नको असेल तर स्लेज आहे, स्नो स्कूटर आहे, भाव आधी ठरवा आणि कुठपर्यंत नेणार तेही विचारा. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून परत येणारं ऊन चेहरा सोलून काढतं.

बर्फ नसेल तर जाऊ नये असं काही नाही हां. मे-जूनमध्ये कुरणं हिरवी, जुलैत फुलं, 18 होलचं गोल्फ कोर्स सुरू असतं. माझी आवडती गोष्ट म्हणजे गुलमर्गच्या भोवती फिरणारा आउटर सर्क्युलर वॉक, सुमारे 11 किलोमीटर, पाइनच्या जंगलातून, आणि आकाश स्वच्छ असेल तर लांब नंगा पर्बत दिसतो, आणि याला पैसे लागत नाहीत! गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गच्या कुरणाला चालत किंवा घोड्याने जाता येतं. अल्पथर तलावावर जूनपर्यंत बर्फ असतो, म्हणून तो पावसाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा.

जाताना शेवटचं मोठं गाव तंगमर्ग, हिवाळ्यात तिथून पुढे टायरना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते, गमबूट आणि कोटही तिथेच भाड्याने मिळतात. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, ग्रुपमध्ये एकाकडे तरी पोस्टपेड हवं, आणि थोडी रोख जवळ ठेवा, घोडेवाले आणि स्लेजवाले सगळेच काही यूपीआय घेतील असं नाही.